मशिदीच्या नौजवान कमिटीत जाणारा मुलगा: तिथं तो नेमकं काय शिकतो?

प्रश्न: माझा मुलगा नववीत आहे. त्याचे अब्बा कुवेतला असतात. गेल्या रमजानपासून तो मोहल्ल्यातल्या नौजवान कमिटीत जायला लागलाय. गुरुवारी इज्तेमा (धार्मिक मेळावा) असतो, रविवारी काही ना काही काम असतं. सासूबाई खूश आहेत. माझे भाऊ म्हणतात, पुढच्या वर्षी दहावी आहे, बंद कर हे सगळं. अशा ठिकाणी मुलाच्या स्वभावात खरंच फरक पडतो का, की नुसता वेळ जातो? आणि काही वेडंवाकडं शिकवत नाहीत ना, हे मला घरात बसून कसं कळणार? (चिपळूण तालुक्यातल्या एक आई)

उत्तर:

वालेकुम सलाम, ताई. मी रत्नागिरी जिल्ह्यात शाळेत शिकवतो आणि वीसेक वर्षांपासून आमच्या जमातीच्या मुलांचं मंडळ सांभाळतो. मुलींचं मंडळ दोन शिक्षिका चालवतात, त्यांच्याशीही रोजचा संबंध आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो, फरक पडतो' असंच आहे. पण तो बहुतेकांना वाटतो त्या जागी पडत नाही. इज्तेम्यातल्या बयानाने, म्हणजे प्रवचनाने, मुलगा बदलत नाही. त्याच्या हातात खरं काम दिलं, त्या कामाचा हिशेब त्याच्याकडून मागितला आणि चार मोठ्या माणसांनी त्याच्यावर भरवसा ठेवला, की तो बदलतो. तुमच्या मुलाची कमिटी कशी आहे हे ताडायचं असेल, तर तिथं काय बोललं जातं याआधी मुलांना काय करायला दिलं जातं हे विचारा.

आमच्या मुलांना कुरआनातला सूरह लुकमान हा अध्याय पाठ असतो. लोकांपुढे गाल फुगवून वागू नकोस, जमिनीवर ऐटीत चालू नकोस, आवाज खाली ठेव, हा हजरत लुकमान यांचा मुलाला केलेला उपदेश ती सुरेख किरातीत (पठणाच्या सुरात) म्हणतात, अर्थही सांगतात. आणि दुआ संपली की पायऱ्यांवर म्हाताऱ्यांना ढकलून चपला शोधतात. यात ढोंग काही नाही. चौदा-पंधराव्या वर्षी ऐकलेलं आणि केलेलं यांच्यात अंतर असतंच. ते नुसतं बोलून कमी होत नाही.

फित्र्याचं काम मी थोडं सविस्तर सांगतो, कारण अमानत (विश्वासाने सोपवलेली ठेव) म्हणजे काय हे मुलांना शिकवायला माझ्याकडे याहून चांगलं साधन नाही. फित्रा म्हणजे ईदच्या नमाजेआधी घरातल्या प्रत्येक माणसामागे द्यायचं दान, अगदी तान्ह्या मुलाचंसुद्धा. उलमा (धर्मपंडित) दरवर्षी धान्याच्या भावावरून माणशी रक्कम जाहीर करतात. आमच्याकडे विसाव्या रोज्यानंतर मुलं जोडीजोडीने घरोघर जातात. एकाकडे पावतीबुक, दुसऱ्याकडे पैशांची पिशवी. लिहिणाऱ्याने पैशाला हात लावायचा नाही आणि पैसे घेणाऱ्याने पावती लिहायची नाही. तरावीह (रमजानमधली रात्रीची नमाज) झाली की जमातखान्यात सतरंजीवर बसून सगळ्यांदेखत मोजणी होते. दहा रुपये कमी भरले तरी जोडी उठत नाही, सगळ्या पावत्या पुन्हा चाळते. खिशातून दहा रुपये घालून विषय संपवायचीही परवानगी नाही, कारण प्रश्न रकमेचा नसून लोकांनी दिलेल्या पैशाचा माग लागण्याचा आहे. मग दोघांच्या सह्या आणि शेवटी माझी.

हे झालं गोळा करणं. खरी कसोटी वाटपाची. कोणाच्या घरी पाकीट जायचं ती यादी सगळ्या मुलांना दाखवत नाहीत. दोन-तीन वर्षं काम केलेल्या, तोंड बंद ठेवू शकणाऱ्या तीन-चार मुलांना पाकिटं भरायला बसवतो. त्या यादीत कधीतरी त्यांच्या वर्गातल्या मुलाचं घर निघतं. काल ज्याच्याबरोबर टेनिस बॉलची मॅच खेळलो, ज्याला जुन्या सायकलीवरून चिडवलं, त्याचं घर.

एका मुलाचा किस्सा आठवतो. तो वर्गाचा मॉनिटर होता, आवाज खणखणीत. सहलीचे पैसे कोणी भरले नाहीत त्यांची नावं तो फळ्यासमोर उभा राहून मोठ्याने वाचायचा आणि त्याला त्यात मजाही वाटायची. त्या रमजानमध्ये पाकिटं भरताना त्याने यादीत एक नाव वाचलं. तो काही बोलला नाही, मीही काही बोललो नाही. सहरीच्या आधी अंधारात जाऊन पाकीट दाराच्या फटीतून आत सरकवून आला. ईदनंतर शाळा सुरू झाली तेव्हा तो यादी हातात घेऊन एकेका बाकाजवळ जायला लागला, वाकून हळू आवाजात विचारायला लागला. त्याला असं कर म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. 'आवाज खाली ठेव' ही आयत (कुरआनातलं वचन) त्याला आधीपासून येत होती. ती कुठे लागू पडते हे त्याला त्या पाकिटाने दाखवलं.

म्हणून बयान फुकट असतं असं मी म्हणत नाही. ज्याने काम केलंय त्याच्या कानावर तीच आयत पडली तर ती वेगळी ऐकू येते. क्रम मात्र महत्त्वाचा.

अशा तरुणांच्या एकत्र येण्याला इस्लामच्या इतिहासात मोठा आधार आहे आणि मी तो मुलांना आवर्जून सांगतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांना प्रेषितत्व मिळालं त्याच्या बरीच वर्षं आधी, ते साधारण विशीत असताना, मक्केत अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी एक करार झाला. येमेनहून आलेल्या एका व्यापाऱ्याचा माल मक्केतल्या बड्या माणसाने घेतला आणि पैसे बुडवले. परक्या माणसाच्या बाजूने उभं राहणारं कोणी नव्हतं. तेव्हा काही घराण्यांची माणसं जमली आणि त्यांनी शपथ घेतली की मक्केत ज्याच्यावर जुलूम होईल, तो आपला असो वा परका, त्याचा हक्क मिळेपर्यंत आपण त्याच्या बाजूने उभे राहू. हाच हिल्फुल फुजूल. प्रेषितांनी पुढे सांगितलं की त्या करारासाठी मला आजही बोलावलं तर मी जाईन. तो करार मुसलमानांनी मुसलमानांसाठी केलेला नव्हता, हे मी मुलांना मुद्दाम दोनदा सांगतो.

चिपळूणला 22 जुलै 2021 ला काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि ओसरल्यावर घराघरांत चिखल राहिला. आमच्याकडून मोठ्या पोरांच्या तुकड्या गेल्या. सोळा वर्षांखालच्या कोणाला नेलं नाही. जे गेले त्यांच्या घरून होकार घेतला, गमबूट दिले, पुरानंतर होणाऱ्या लेप्टो तापाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून दिल्या. फावडी, घमेली, खराटे घेऊन सकाळी टेम्पोतून जायचं आणि मगरिबच्या (सूर्यास्ताच्या नमाजेच्या) आधी निघायचं. नियम दोनच होते. ज्यांचं घर साफ करतोय त्यांना विचारल्याशिवाय कोणत्याही वस्तूला हात लावायचा नाही आणि घरातल्या माणसांचा फोटो काढायचा नाही.

पहिला नियम का होता ते एका घरात मुलांना कळलं. तिथं एक आजी एकट्या होत्या. देव्हारा चिखलात आडवा पडला होता. आमचा एक मुलगा घाईने उचलायला वाकला, दुसऱ्याने त्याला थांबवलं आणि विचारलं, "आजी, आम्ही हात लावला तर चालेल का? तुम्ही सांगाल तसं करू." आजींनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, म्हणाल्या, "आधी पाणी आणा स्वच्छ." मग त्या सांगत गेल्या आणि मुलं तसं करत गेली. एकेक टाक धुऊन आजींच्या हातात दिला, मांडायचं काम त्यांनी स्वतः केलं. दुसऱ्याच्या श्रद्धेचा आदर कसा करावा यावर मी तासभर बोललो असतो, तरी घमेल्यातल्या पाण्याने जे झालं ते माझ्याने झालं नसतं. त्या मुलांपैकी एक आता दुबईला नोकरीला आहे. अजून फोनवर बोलताना तो आजींचं कसं चाललंय ते विचारतो.

फोटोच्या नियमावर आमच्यात दरवर्षी वाद होतो. मुलांना रील करायचं असतं आणि काही मोठेही म्हणतात की लोकांना कळलं पाहिजे, चंदा वाढेल. माझं मत पक्कं आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला मदतीसोबत कॅमेऱ्याची सवय लागली की कॅमेरा नसेल तिथं त्याचे हात चालेनासे होतात. कामाचा फोटो हवा तर फावड्यांचा काढा, भरलेल्या टेम्पोचा काढा.

तुमचा मुलगा कोणत्या संघटनेच्या मंडळात आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. गावच्या जमातुल मुस्लिमीनची (गावातल्या मुस्लिम समाजाच्या संस्थेची) स्वतःची कमिटी असेल, तर ती बहुधा मय्यत, लग्नाची भांडी, मशिदीची रंगरंगोटी अशी गावाची कामं करते. 1982 मध्ये सुरू झालेल्या स्टुडंट्स इस्लामिक ऑर्गनायझेशनचं किंवा मुलींच्या जीआयओचं (गर्ल्स इस्लामिक ऑर्गनायझेशनचं) युनिट असेल, तर वाचन, चर्चा, स्पर्धा आणि मोहिमा यांवर भर असतो. तबलीगी जमातवाले मुलांना शक्यतो बाप-भावाबरोबर तीन दिवसांच्या जमातीत, म्हणजे धर्मकार्यासाठी फिरणाऱ्या गटात, नेतात. मौलाना इलियास यांनी शंभरेक वर्षांपूर्वी मेवातमध्ये ज्या पद्धतीने काम सुरू केलं, तीच रीत आजही आहे: आपला खर्च आपण करायचा, खिदमतची (सेवेची) पाळी आली की सगळ्यांचं जेवण रांधायचं, भांडी घासायची. घरी पाण्याचा ग्लास न उचलणारा मुलगा तिथं दहा माणसांसाठी कांदा चिरतो. सुन्नी (बरेलवी) जमातींत मिलादचा म्हणजे प्रेषितांच्या जयंतीचा जुलूस, नात (प्रेषितांची स्तुतिगीतं), लंगर यांची तयारी मुलंच करतात. प्रत्येकाची धाटणी वेगळी आहे आणि चांगली मुलं मी सगळ्यांकडून घडलेली पाहिली आहेत. मुलं बिघडतात ती दुसऱ्या मसलकच्या (पंथाच्या) मशिदीत नमाज पढणाऱ्याला नावं ठेवायला शिकवतात तिथं. त्या वयात दुसऱ्याला कमी लेखण्याची चटक फार लवकर लागते आणि मुलाला वाटतं, हाच दीन, हाच धर्म.

तुमच्या घरची परिस्थिती आपल्या कोकणात अर्ध्या मोहल्ल्याची आहे. अब्बा आखातात, वर्षा-दोन वर्षांनी महिना-दीड महिना घरी. रात्री व्हिडिओ कॉलवर "अभ्यास केलास? नमाज पढलास?" एवढं होतं. अब्बा प्रेम कमी करतात असं नाही, पण चिडलेला पुरुष राग कसा गिळतो, उधारी कशी फेडतो, चूक झाली तर माफी कशी मागतो, हे मुलाला फोनवर दिसत नाही. चांगल्या कमिटीत ते दिसतं. तिथं एकोणीस-वीस वर्षांची पोरं असतात, पस्तिशीचा रिक्षावाला असतो, निवृत्त झालेला बोटीवरचा खलाशी असतो. मुलगा त्यांना जवळून पाहतो. माझ्या मते बरोबरीच्या मुलांचा घोळका मोबाईलवरही मिळतो. वेगवेगळ्या वयाची माणसं एका सतरंजीवर मात्र अशाच ठिकाणी बसतात.

मोठ्यांचं वागणं कसं आहे ते म्हणूनच बघा. प्रेषितांचे सोबती हजरत अनस (रजि.) लहान वयात प्रेषितांच्या घरी खिदमतीला आले आणि दहा वर्षं राहिले. ते सांगतात की त्या दहा वर्षांत प्रेषितांनी मला कधी 'उफ्' म्हटलं नाही, हे का केलंस, ते का नाही केलंस, असं विचारलं नाही. आपल्या मशिदींत मात्र मुलांना नमाजेच्या पहिल्या सफमधून (रांगेतून) दंड धरून मागे ढकलणारे चाचा अजून आहेत. जिथं मुलगा फक्त ओरडा खातो, तिथं तो ओरडायला शिकतो.

त्याच्या जोडीला दुसरी हदीस (प्रेषितांच्या बोलण्या-वागण्याची नोंद) आहे. एक तरुण प्रेषितांकडे आला आणि त्याने भर मजलिसीत व्यभिचाराची परवानगी मागितली. लोक त्याच्यावर धावले. प्रेषितांनी त्याला जवळ बसवलं आणि विचारलं, तुझ्या आईसाठी तुला हे आवडेल का? मुलीसाठी? बहिणीसाठी? मग त्याच्यावर हात ठेवून दुआ केली. आजची मुलं मोबाईलवर काय पाहतात याची आपल्याला कल्पना आहे. तेराव्या-चौदाव्या वर्षी मनात येणारे प्रश्न ती आईला विचारत नाहीत, अब्बांना फोनवर तर नाहीच नाही. ते ऐकून न दचकणारा एक तरी मोठा माणूस कमिटीत असला पाहिजे. तो मौलानाच असला पाहिजे असं नाही. आमच्याकडे ही जागा एका कंपाउंडरने भरून काढली आहे.

मुलींबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण घरात मुलगी असेल तर तिलाही पाठवा. आमच्या मुली लहानांचा मकतब (धार्मिक शिक्षणाचा वर्ग) घेतात आणि जून-जुलैपासून मोहल्ल्यातल्या नववी-दहावीच्या मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देतात. उत्पन्नाचा दाखला, आधारवरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव जुळत नाही, बँकेचं खातं बंद पडलंय, ही सगळी भांडणं त्या तहसील, शाळा, बँक अशा ठिकाणी जाऊन सोडवतात. सुरुवातीला खिडकीसमोर तोंडातून शब्द न फुटणारी मुलगी दुसऱ्या वर्षी "साहेब, पोचपावती द्या" असं ठणकावून सांगते. हिंमत हासुद्धा अखलाकचा (चांगल्या वागणुकीचा) भाग आहे आणि तो मुलींच्या वाट्याला आपण कमी येऊ देतो.

आता तुमच्या काळजीकडे येतो. 'वेडंवाकडं' या शब्दामागे काय भीती आहे ते मला समजतं. आपल्या समाजात प्रत्येक आईच्या मनात ती असते आणि ती उघड बोलली जात नाही. घरात बसूनही पुष्कळ कळतं. कार्यक्रम कुठे, किती वाजता सुरू, किती वाजता संपणार हे आधी घरी कळवतात का? जमातखान्याचं दार उघडं असतं का, कोणाही पालकाला मध्येच येऊन मागे बसता येतं का? बाहेरून बोलायला आलेला माणूस कोण, हे ट्रस्टींना माहीत असतं का? जमाखर्चाचा कागद नोटीस बोर्डावर लागतो का? मुलांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये दोन-तीन पालक आहेत का? एकटा मोठा माणूस एकट्या मुलाला घेऊन बंद खोलीत बसत नाही, एकट्याला प्रवासाला नेत नाही, हा नियम पाळतात का? मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा 2012 पासून आहे आणि मशीद, मदरसा, शाळा, क्लास सगळ्यांना सारखाच लागू आहे. हे विचारताना संकोच करू नका. प्रामाणिक कमिटीला या प्रश्नांचा राग येत नाही. आणि "हे घरी सांगू नकोस" असं वाक्य मुलाला तिथं कोणीही, कितीही परहेजगार माणसाने सांगितलं, तर त्याच दिवशी त्याचं जाणं थांबवा आणि जमातीच्या जबाबदार माणसांना कळवा.

दुसरी गोष्ट घरातच दिसते. गेल्या रमजानपासून मुलगा तुमच्याशी कसा वागायला लागलाय? काही मुलं इज्तेम्यातून आल्यावर आईच्या मालिकेवर, बहिणीच्या ओढणीवर, शेजाऱ्यांच्या लग्नातल्या गाण्यांवर फतवे काढतात आणि जेवलेलं ताट तिथंच ठेवून उठतात. असं होत असेल तर घाबरून जाऊ नका, नव्याने काही सापडल्याचा तो जोर असतो. पण चालूही देऊ नका. शांतपणे म्हणा, "बेटा, ताट उचल, मग बोलू." आणि कमिटीच्या जबाबदाराला फोन करून हे सांगा. आम्हाला असे फोन हवे असतात. आमच्या मुलांना रात्री झोपण्याआधी मुहासबा करायला सांगतो, म्हणजे दिवसाचा हिशेब, आणि त्यात फक्त स्वतःचं नाव घ्यायचं. आज मी कोणाला दुखावलं, कोणाचं काम केलं, कोणती नमाज गेली. दुसऱ्याचं नाव आलं की ते खोडायचं.

उलट तो गुपचूप दादीची औषधं आणून देत असेल, उरलेले सुटे पैसे न मागता परत ठेवत असेल, सकाळी फजरला उठताना दार हळू लावत असेल, तर कमिटी आपलं काम नीट करतेय. मुलगा घरी धर्मावर किती बोलतो याला मी काहीच महत्त्व देत नाही.

दहावीबद्दल भावांचं म्हणणं अगदीच चूक नाही. नौजवान कमिट्यांना कामाला पोरं लागतात आणि चुणचुणीत मुलाला सगळेच बोलावतात. लग्नात वाढायला तोच, जुलूसला तोच, क्रिकेट स्पर्धेच्या मंडपाला तोच. पण एकदम तोडलंत तर वर्षभर तो घरात कुढत बसेल आणि तो वेळ पुस्तकाला न जाता मोबाईलला जाईल. आमच्याकडे दहावीच्या मुलांसाठी ठरलेली रीत आहे. जूनपासून गुरुवारच्या इज्तेम्याला यायचं, तासाभरात घरी. रविवारची कामं बंद. एकच छोटी जबाबदारी ठेवायची, जी आठवड्यात अर्ध्या तासात होते आणि जिचा हिशेब द्यावा लागतो: वुजूच्या (नमाजेआधी हात-पाय धुण्याच्या) टाकीचं पाणी, पुस्तकांच्या कपाटाची नोंदवही किंवा मकतबच्या दोन लहान मुलांचे पाढे. डिसेंबरनंतर तेही दुसऱ्याकडे द्यायचं आणि परीक्षा झाल्यावर परत घ्यायचं.

तुमच्या मुलाच्या कमिटीत अशी रीत नसेल तर तुम्हीच मागणी करा. तुम्ही जाऊ शकत नसाल तर कुवेतहून त्याच्या अब्बांना जबाबदाराशी बोलू द्या. आपल्या बहुतेक गावांच्या जमातीची माणसं तिकडेही आहेत, ओळख निघतेच. आणि बोलताना मुलालाही शेजारी बसवा, कोणतं एक काम ठेवायचं ते त्याला निवडू द्या.